शिफ्ट सांभाळून एम.टेक. करता आले पाहिजे

प्रति,
माननीय संचालक, तंत्रशिक्षण संचालनालय, पर्वरी
माननीय कुलगुरू, गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार

सविनय नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहणारी मेकॅनिकल अभियंता आहे. विमानासाठी कार्बन फायबरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात, बरीच वर्षे नोकरी करते आहे. मागणे आधीच सांगून टाकते. विमान आणि अंतराळ उद्योगात काम करणाऱ्या गोव्यातल्या माणसांना नोकरी न सोडता पुरे करता येईल असे अर्धवेळ एम.टेक. गोव्यात सुरू करा, आणि त्याचे वेळापत्रक ठरवण्याआधी शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना विचारा. यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. अभ्यासक्रम कागदावर सुरू होतात, पहिल्या वर्षी वर्ग भरतो, दुसऱ्या वर्षी अर्धा होतो आणि मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून बंद होतो. त्यातले बरेचसे वेळापत्रकापायी बंद पडतात.

गोव्यात विमानाचे काम कुठे आहे, असे मला घरचेच लोक विचारतात. ते पुष्कळ आहे, फक्त रस्त्यावरून दिसत नाही. दाबोळीला आय.एन.एस. हंसावर नौदलाची मिग-२९के विमाने आहेत, २०२२ पासून पी-८आय विमानांचे दुसरे पथक आहे आणि नौदलाचे विमान दुरुस्ती यार्ड आहे. तिथेच विमानवाहू जहाजाच्या डेकसारखी उभारलेली चाचणी धावपट्टी आहे. आपल्याच देशात बनलेल्या नौदलाच्या तेजसने डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या चढावरून पहिले उड्डाण केले, सप्टेंबर २०१९ मध्ये तारेला हूक अडकवून तिथेच थांबून दाखवले, आणि त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये ते विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरले. ही सगळी तयारी मुरगाव तालुक्यात झाली. सत्तरीत होंडा येथे हेलिकॉप्टर इंजिनांच्या देखभाल-दुरुस्ती केंद्राची पायाभरणी २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सची साफ्रान यांचा तो संयुक्त प्रकल्प. ध्रुव, रुद्र आणि प्रचंड ही हेलिकॉप्टरे ज्या ‘शक्ती’ इंजिनावर उडतात, ते इंजिनही याच दोघांनी मिळून तयार केलेले. पिळर्णला कंपोझिटचे, म्हणजे कार्बन किंवा काचेचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेल्या मालाचे, काम कित्येक वर्षे चालू आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झाले. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात आता दोन विमानतळ आहेत.

सत्तरी आणि डिचोलीचा उल्लेख मुद्दाम करते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आमच्या भागात ट्रक, बार्ज, गॅरेज, वर्कशॉप सगळे एकदम ठप्प झाले. तेव्हा दहावी-बारावीत असलेली मुले आता तिशीकडे आली आहेत. त्यातली काही आयटीआय करून, काही पणजीच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन, काही फर्मागुडी, वेर्णा, फातोर्डा, शिरोडा इथल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन या नव्या कामात शिरली. बापाने डंपरचे इंजिन खोलले आणि मुलगा आज टर्बाइनची पाती दुर्बिणीच्या नळीतून तपासतो, अशी घरे मी पाहिली आहेत. या मुलांच्या हाताला चांगले वळण लागलेले आहे. अडचण त्यानंतर सुरू होते.

आमच्यातले जवळजवळ सगळे मेकॅनिकलवाले, थोडे इलेक्ट्रॉनिक्सचे. विमानाचा विषय आम्ही कामावर शिकलो. मॅन्युअल वाचून, सीनिअरच्या मागे उभे राहून, ऑडिटमध्ये शिव्या खाऊन. पाच-सहा वर्षांत माणूस आपल्या टेबलावरचे काम पक्के शिकतो. त्याच्या पुढचे काम म्हणजे डिझाइन, स्ट्रेस अॅनालिसिस (भागावर पडणाऱ्या ताणाचा हिशेब), दुरुस्तीची योजना आखणे, प्रमाणीकरणाचा युक्तिवाद लिहिणे. त्यासाठी जे गणित आणि जे पदार्थविज्ञान लागते ते कामावर कोणी शिकवत नाही. एम.टेक. करायचे तर मुंबई, बंगळूर, मद्रास किंवा कानपूर गाठायचे, म्हणजे नोकरी सोडायची. ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेचे गुण तीन वर्षेच चालतात, त्यामुळे बत्तिसाव्या वर्षी कॉलेजातल्या पोरांबरोबर पुन्हा परीक्षेला बसायचे. पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, आई-वडिलांचे औषधपाणी आहे, त्याने या रकमेवर दोन वर्षे परराज्यात राहायचे कसे? कंपनीने पाठवले तर पगार चालू राहतो, पण एवढी मोठी रजा देणारी कंपनी विरळा. मग दोन वाटा उरतात. गुणी मुले बेळगाव, बंगळूर, हैदराबादला निघून जातात. राहिलेली त्याच टेबलावर म्हातारी होतात.

या ‘वरच्या’ शिक्षणाने शॉपफ्लोअरवर नेमके काय बदलते, हे माझ्याच कामातल्या एका गोष्टीवरून सांगते.

प्रीप्रेग म्हणजे रेझिन (तापवल्यावर घट्ट होणारी राळ) आधीच मुरवलेले कार्बनचे कापड. त्याचे रोल उणे १८ अंशांवर फ्रीझरमध्ये ठेवतात. काढल्यावर रोल सीलबंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. पिशवीला बाहेरून आलेला घाम पुरता सुकेपर्यंत पिशवी कापायची नाही. हे आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. पण जून-जुलैत बाहेर धो धो पाऊस असतो, डिस्पॅच अंगावर आलेले असते आणि कोणीतरी घाई करतो. थंड कापडावर हवेतला ओलावा बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही. मग थरावर थर चढतात, व्हॅक्यूम बॅग लागते आणि भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, जातो. बाहेर आल्यावर अल्ट्रासॉनिक स्कॅनवर डाग दिसतात. आत बारीक बुडबुडे राहिलेले असतात. भाग स्क्रॅप.

असे का होते? १८० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १० बार असतो. ऑटोक्लेव्हमध्ये आपण बहुधा ७ बारच्या आसपास दाब देतो. रेझिनमध्ये ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेतला ओलावा मुरलेला असेल तर त्याची वाफ साधारण ५ बारने बाहेर ढकलते आणि ऑटोक्लेव्ह तिला दाबून धरतो. तेच कापड ९० टक्के आर्द्रतेत राहिले असेल तर वाफ ९ बारच्या घरात जाते. तिथे ऑटोक्लेव्ह हरतो आणि बुडबुडा वाढतो. पोकळ्यांचे प्रमाण एका टक्क्याने वाढले तर थरांमधली कातर-शक्ती (थर एकमेकांवरून न सरकण्याची ताकद) सुमारे सात टक्क्यांनी उतरते, हा या क्षेत्रातला जुना अंदाज आहे. प्रत्यक्षात सगळा दाब रेझिनपर्यंत पोचत नाही, काही भार धाग्यांची जाळी पेलते, त्यामुळे हिशेब याहून गुंतागुंतीचा होतो. पण पाया हाच.

आता समजा रात्री डीह्युमिडिफायर बंद पडला. ले-अपच्या, म्हणजे कापडाचे थर रचायच्या, खोलीत तीन-चार तास ७० टक्के आर्द्रता होती आणि लाखो रुपयांचा माल टेबलावर अर्धवट रचलेला होता. सकाळी पहिल्या शिफ्टला निर्णय घ्यायचा. टाकून द्यायचे की पुढे न्यायचे? ज्याला फक्त नियम ठाऊक आहे तो टाकून देतो, किंवा ग्राहकाकडे परदेशात विचारणा पाठवतो आणि आठवडे वाट बघतो. ज्याला वरचा हिशेब येतो तो ओलावा किती मुरला असेल ते मोजतो, व्हॅक्यूमखाली किती वेळ ठेवल्याने तो निघेल ते काढतो, सोबत चाचणीचे तुकडे लावतो, आणि ग्राहकाला पाठवायचे तांत्रिक समर्थन स्वतः लिहितो. त्या कागदावर सही करायची पात्रता गोव्यात किती जणांकडे आहे? त्या माणसाला फ्रीझरपाशी उभे राहिल्याचा अनुभवही हवा आणि वर्गात बसल्याचा अभ्यासही. पदवीनंतर थेट एम.टेक. केलेल्या मुलाकडे पहिला नसतो, आमच्याकडे दुसरा नाही. नोकरीतल्या माणसाला वर्गात बसवणे हा दोन्ही एका माणसात आणायचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

हीच गोष्ट दुरुस्तीच्या कामात. देखभाल करणाऱ्यांकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डी.जी.सी.ए.चे) लायसन्स असते, आणि ते मिळवणे सोपे नाही. एम.टेक. त्याची जागा घेणार नाही, घेऊही नये. पण विमानाच्या दुरुस्ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी इजा आढळली की लायसन्सधारकाचा हात थांबतो. त्यापुढची दुरुस्ती मंजूर डिझाइनवरच करता येते आणि ते डिझाइन बहुतेक वेळा विमान बनवणाऱ्या कंपनीकडून येते. तोवर विमान उभे. दुरुस्तीचे डिझाइन करू शकणारी, त्याची ताकद सिद्ध करून दाखवणारी आणि सेमिलॅक (लष्करी विमानांना मंजुरी देणारी संस्था) किंवा डी.जी.सी.ए.समोर आपली बाजू मांडणारी माणसे इथे तयार झाली, तर होंडा आणि दाबोळीच्या कामाची पायरी बदलेल. इंजिन उघडून, बदलून, बंद करून देणे ही एक पायरी झाली. अमुक पाते अमुक तासांतच का खराब झाले हे सांगता येणे ही तिच्या वरची.

विषय कोणते असावेत हे तज्ज्ञ ठरवतील. तरी एक आग्रह धरते. मुंबई किंवा बंगळूरचा अभ्यासक्रम उचलून इथे आणू नका. गोव्याच्या हवेत मीठ आहे आणि वर्षातले चार महिने ओल आहे. हाच आपला विषय असू द्या. कार्बन फायबरला अॅल्युमिनियम टेकले आणि मध्ये खारी ओल आली की अॅल्युमिनियम गंजत जाते. म्हणून दोहोंमध्ये काचेच्या धाग्याचा थर देतात आणि टायटॅनियमचे फास्टनर वापरतात. समुद्रावर कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात मीठ जाते. इंधनातल्या गंधकाशी मिळून त्याचे सोडियम सल्फेट होते आणि तापलेल्या पात्यांवरचा संरक्षक लेप खाते. म्हणून उड्डाणानंतर कॉम्प्रेसर पाण्याने धुवावा लागतो. इपॉक्सी या रेझिनमध्ये ओल मुरली की तापमान सोसायची त्याची मर्यादा खाली येते, म्हणून कंपोझिटचे भाग गरम आणि ओल्या स्थितीत तपासावे लागतात. नौदलाची विमाने, किनाऱ्यावरची हेलिकॉप्टरे, जहाजाच्या डेकवर उभी राहणारी यंत्रे या सगळ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झालेली आहे आणि समुद्रातल्या गंजाचा अभ्यास तिला नवा नाही. खाऱ्या हवेतली विमाने, त्यांचे पदार्थ आणि त्यांचे आयुष्य, यावर देशात कोणाला शिकायचे असेल तर त्याने गोव्यात यावे, असा अभ्यासक्रम आपल्याला बांधता येईल.

आता वेळापत्रक. अर्धवेळ म्हटले की डोळ्यांसमोर संध्याकाळचा वर्ग येतो, सहा ते नऊ, आठवड्यातून चार दिवस. ऑफिसात काम करणाऱ्याला ते जमेल. आमच्याकडे शिफ्ट फिरते. या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची, नंतर रात्रीची. तीन आठवड्यांतला एकच आठवडा संध्याकाळच्या वर्गाला धड बसता येते. ७५ टक्के हजेरीची अट तिथेच मोडते. वर्ग फर्मागुडीला भरला तर वाळपई, पेडणे, काणकोणच्या माणसाने रात्री नऊनंतर घरी कसे पोचायचे? तेव्हा गावाकडची बस मिळत नाही. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर आहे हे खरे, पण रात्रीच्या प्रवासात ते अंतर फार मोठे होते. मुलींच्या बाबतीत घरातून परवानगीचा प्रश्नही असतो, लग्न झालेल्यांच्या बाबतीत मुलांचा. आमच्या विभागात साखळीची एक मुलगी आहे. अल्ट्रासॉनिक तपासणीत तिचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. तिने दुसऱ्या राज्यातल्या एका अर्धवेळ अभ्यासक्रमाला नाव घातले होते. पहिली सत्रपरीक्षा आली ती नेमकी ग्राहकाच्या ऑडिटच्या आठवड्यात. तारीख बदलून मिळाली नाही, रजाही मिळाली नाही. तिने नाव काढले. नियम दोन्हीकडचे बरोबर होते. तिच्यासारख्यांचा विचार करून ते कोणी बनवलेच नव्हते.

म्हणून सुचवते की वर्ग सलग आठवड्यांचे ठेवा. एक विषय, सोमवार ते शनिवार, दिवसभर, प्रयोगशाळेसकट. मग दोन महिने घरून वाचन आणि सोडवायची गणिते, अधूनमधून एखाद्या रविवारी शंकासमाधान. वर्षाला असे चार किंवा पाच आठवडे. त्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला पक्क्या करा, म्हणजे कंपनीला शिफ्ट लावता येईल आणि माणसाला रजा मागता येईल. मार्च टाळा, तेव्हा सगळीकडे डिस्पॅचची धांदल असते. चतुर्थीचा आठवडा टाळा, तेव्हा गोव्यात कोणी येणार नाही. परीक्षेला दुसरी संधी त्याच वर्षी द्या. ही पद्धत जगात नवी नाही. इंग्लंडात क्रॅनफिल्डला १९४६ साली विमानविद्येचे कॉलेज निघाले, ते आज विद्यापीठ आहे. तिथे नोकरी करणाऱ्या अभियंत्यांसाठीचे अर्धवेळ एम.एस्सी. आठवड्याआठवड्याच्या वर्गांवरच चालते. आपल्याकडेही भारतीय विज्ञान संस्था उद्योगातल्या माणसांना नोकरीत राहून संशोधनाची नोंदणी देते, आणि बिट्स पिलानी १९७९ पासून नोकरदारांसाठी पदव्या चालवते. झुआरीनगरला तिचा कॅम्पस २००४ पासून उभा आहे. विचारायला फार लांब जावे लागणार नाही.

‘मग ऑनलाइनच करा ना’ असे कोणी म्हणेल. व्याख्याने ऑनलाइन जरूर द्या. पण थर सुटले असतील (डेलॅमिनेशन) तर भागावर टकटक करून बघताना (टॅप टेस्ट) आवाज कसा बदलतो, मोडलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडल्याच्या, रेघा कशा दाखवतो, हे पडद्यावर येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आपणा सर्वांना माहीत आहे. काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या न्यायालयाने अमान्य केल्या आणि त्या पदव्यांवर बढत्या घेतलेली माणसे उघड्यावर पडली. कष्टाने नोकरी सांभाळून मिळवलेल्या पदवीवर असा डाग लागायला नको. प्रत्यक्ष वर्ग, प्रत्यक्ष प्रयोग आणि विद्यापीठाची निःसंशय पदवी हवी.

आज नियमही पूर्वीइतके आड येत नाहीत. २०२१ पासून क्रेडिट बँक आली आहे, पुरे केलेल्या विषयांची क्रेडिट्स तिथे जमा राहतात. कमावलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत चालतात. म्हणजे एखादे वर्ष घरच्या अडचणीने किंवा कामाच्या दबावाने सुटले तरी माणूस परत येऊ शकतो. दोन-तीन विषय करून थांबणाऱ्यालाही प्रमाणपत्र देता येईल, आणि डिझाइनकडे न जाता फक्त विनाशरहित तपासणी (भाग न मोडता करायची तपासणी) शिकायची असणारे आमच्यात बरेच आहेत. शिकवायला माणसे कुठून आणणार, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेले प्राध्यापक, नेमायची वाट मोकळी केली आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी पदे भरता येतात आणि त्यांना पीएच.डी.ची अट नाही. वास्को आणि दाबोळीच्या परिसरात नौदलाच्या विमानशाखेतून निवृत्त झालेले किती तरी अभियंते राहतात. आयुष्यभर त्यांनी खाऱ्या हवेत विमाने उडती ठेवली. त्यांच्यातल्या दोघांनी एक-एक आठवडा शिकवला तरी कुठल्या पुस्तकात नाही ते वर्गात येईल. स्ट्रक्चर्स, हीट ट्रान्स्फर, नियंत्रणशास्त्र असे पायाचे विषय फर्मागुडीच्या महाविद्यालयात, आय.आय.टी. आणि एन.आय.टी.त शिकवणारी माणसे आहेतच. तिघांनी मिळून एक अभ्यासक्रम चालवायला काय हरकत आहे?

विद्यार्थी किती मिळतील, हा आपला रास्त प्रश्न असेल. दरवर्षी साठ जण मिळणार नाहीत. पण कंपोझिट आणि गंज हे विषय गोवा शिपयार्डच्या माणसांनाही लागतात, ग्लास फायबरच्या बोटी वास्कोत बनल्या आहेत. वर्ग एक वर्षाआड भरवा, काही विषय जहाजबांधणीवाल्यांबरोबर सामाईक ठेवा. पंधरा-वीस जणांचा वर्गही चालेल असा हिशेब सुरुवातीलाच मांडा, म्हणजे पुढे कोणाला तो बंद करायचे निमित्त मिळणार नाही.

प्रबंधाबद्दल थोडे. एम.टेक.चे दुसरे वर्ष बहुतेक प्रबंधाचेच असते आणि आमच्यासारख्यांसाठी तीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रश्न कामावरचा घ्यायचा, उत्तर कामावर वापरायचे. पण इथेच मोठी अडचण येते. ग्राहकाची रेखाचित्रे बाहेर नेता येत नाहीत, नौदलाचे काम तर बोलताही येत नाही. विद्यापीठाला प्रबंध ग्रंथालयात उघडा ठेवायचा असतो. याचा निकाल प्रवेश देण्याआधीच लावा. खऱ्या भागाऐवजी त्याच मालाचे, त्याच प्रक्रियेने बनवलेले चाचणीचे तुकडे वापरायचे, आकडे प्रमाणबद्ध करून द्यायचे, गरज पडल्यास प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवायचा, आणि मार्गदर्शक दोन नेमायचे, एक कॉलेजातला आणि एक कारखान्यातला. विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थी यांच्यात एका पानाचा करार पुरेल. तो तयार नसेल तर तिसऱ्या वर्षी विद्यार्थी कंपनीच्या कायदा विभागाच्या दारात बसून राहील.

हे पत्र उघडे लिहिते आहे ते कारखान्यांच्या मालकांनी आणि व्यवस्थापकांनीही वाचावे म्हणून. वर्षाला चार-पाच आठवड्यांची पगारी रजा आणि अर्धी फी, एवढेच तुमच्याकडे मागणे. त्याबदल्यात बाँड घ्या, पण तो शिक्षणाच्या मुदतीपेक्षा लांब नसावा. ‘शिकला की पळेल’ ही भीती मी अनेक बैठकांत ऐकली आहे. माझ्या पाहण्यात जे गेले ते इथे शिकायला मिळाले नाही म्हणून गेले. आणि पदवी मिळाल्यावर माणसाला त्याच टेबलावर, त्याच कामाला परत बसवू नका. त्याच्या हातात दुरुस्तीचा निर्णय द्या, तांत्रिक समर्थनावर त्याची सही चालू द्या.

संचालक महोदय, कुलगुरू महोदय, येत्या शैक्षणिक वर्षाचे प्रस्ताव मागवाल तेव्हा यासाठी एक बैठक बोलवा. तिला अधिकारी आणि प्राध्यापक असतीलच. त्यांच्याबरोबर होंड्याचा एक इंजिन फिटर, दाबोळीचा एक तंत्रज्ञ, पिळर्ण-वेर्ण्याच्या कारखान्यांतल्या दोन मुली आणि शिफ्टचे रोस्टर लावणारा एक सुपरवायझर यांना बसवा. बैठक रविवारी ठेवा, म्हणजे कोणाची शिफ्ट बुडणार नाही. वर्ग सुरू झाला तर प्रीप्रेग, ऑटोक्लेव्ह आणि अल्ट्रासॉनिक तपासणी यांचा एक आठवडा मी मानधन न घेता शिकवीन. त्यासाठी लागणारे तुकडे, चांगले आणि बिघडलेले दोन्ही, वर्गात बनवून दाखवायचीही माझी तयारी आहे. पहिल्या तुकडीत प्रवेशासाठी मी स्वतःही अर्ज करणार आहे.

आपली नम्र,
विमानाच्या भागांची तपासणी करणारी एक अभियंता
डिचोली, गोवा